कॅम्पातली आखाजी

गाव सोडलं त्या दिवशी पहूरच्या फाट्यावर, सगळ्यांच्या देखत, माझ्या मुलाने माझी बॅग उघडली. भाड्याच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागला. उडदाचे पापड काढले, कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ काढलं, लाल मिरच्यांची पिशवी काढली. तुम्ही सगळ्या उभ्या होतात ना गं तिथे? शांताबाई, तू तर त्या मिरच्या पदरात झेलल्यास. नितीन म्हणाला, "आई, तिथे सगळं मिळतं." मग तुमच्याकडे वळून म्हणाला, "आता आईने काही करायचं नाही. नुसतं आरामात बसायचं." तुम्ही म्हणालात, नशीब काढलं बाई अक्काने. कुणीतरी डोळे पुसत म्हणालं, "अक्का, तिकडं गेल्यावर आमाले इसरू नको."

आणि मी हसले. सव्वीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई, सुपरवायझर मॅडमला तोंडावर "तुमचं चुकतंय" म्हणणारी बाई, बॉनेटवर पडलेल्या आपल्या पिठाकडे बघून हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. म्हणून आधीच सांगते, हे लिहिणं गोडाधोडाचं नाही. तुम्ही फोनवर विचारता, "अक्का, मजेत ना?" आणि मी "मजेत" म्हणते. आज मजेत नाही म्हणणार. गावात राहिलेल्या तुम्ही वाचा, आणि लेकाच्या मागे सुरतेला, पुण्याला, नाहीतर माझ्यासारख्या सातासमुद्रापार गेलेल्या तुम्हीही वाचा. तुम्हाला जास्त कळेल.

तर. विमानतळावर काचेमागच्या साहेबाने मला विचारलं, किती दिवस राहणार. मला प्रश्न कळला होता. उत्तरही तयार होतं, घरी आरशापुढे पाठ केलेलं. मी तोंड उघडलं तोवर नितीन म्हणाला, "शी डझन्ट स्पीक इंग्लिश, सर."

बायांनो, मी सातवी पास. पण नितीन पाचवीत गेला तेव्हा त्याचं इंग्रजीचं पुस्तक मीही वाचायला घेतलं. तो सहावीत गेला, मी सहावीत. तो दहावी झाला तेव्हा त्याला बक्षीस मिळालं आणि मला काही मिळालं नाही, कारण माझी परीक्षा कुणी घेतलीच नव्हती. मग मोबाईल आला, त्यावर रोज अर्धा तास ऐकायचे. माझं बोलणं अडखळतं, हे खरं. 'द' कुठे लावायचा ते देवाला ठाऊक. पण समजतं. नितीनलाही ते माहीत आहे, त्याच्याच पुस्तकांतून शिकले मी. तरी त्याने असं का म्हणावं? त्याला घाई होती. नेहमी घाईच असते.

पहिली दोन वर्षं मी बसून काढली. घर मोठं, खिडक्या मोठ्या, बाहेर माणूस नाही. डॉक्टर मला विचारायचा, कुठे दुखतं, नितीन सांगायचा, "शी हॅज नी पेन." दुकानात, "शी लाइक्स धिस वन." शेजारीण आली, "शी इज फाइन." त्या घरात मी 'शी' होते. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून 'ते' म्हणतात, तेही निदान मानाने. हे काय होतं? आणि तो वाईट आहे असं नाही हो. माझ्या गुडघ्यासाठी त्याने जिन्याला दुसरा कठडा बसवला, स्वतःच्या हाताने. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

कॅम्पची जाहिरात सुनेने आणली. वाचनालयाच्या फळ्यावर होती. उन्हाळ्यात इथे शाळांना सुट्टी लागली की आईबाप पोरांना डोंगरात, तळ्याकाठी, आठ-आठ आठवडे पाठवून देतात. लाकडी खोल्यांत राहायचं, पोहायचं, होड्या हाकायच्या, गाणी म्हणायची. प्रत्येक खोलीत पोरांना सांभाळायला एक-दोन माणसं, त्यांना काउन्सेलर म्हणतात. बहुतेक सगळी कॉलेजची पोरं-पोरी. पण या कॅम्पला सगळ्यात लहान मुलींच्या खोलीसाठी एक मोठी बाई हवी होती. सून म्हणाली, "आई, हे तुमचंच काम आहे." ती कमी बोलते, पण नेमकं बोलते.

अर्ज मी भरला. फोनवरची मुलाखत मी दिली, नितीन ऑफिसला गेलेला असताना. कॅम्पची मुख्य बाई लिंडा, तिने विचारलं, "मुलांसोबत किती अनुभव?" मी म्हटलं, "ट्वेंटी-सिक्स इयर्स." पलीकडून तिने आकडा पुन्हा विचारून घेतला.

नितीनला कळलं तेव्हा तो म्हणाला, "आई, तिथे एकोणीस वर्षांची पोरं जातात. लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "कोण लोक? खिडकीतून मला तर कुणी दिसत नाही."

कॅम्प सुरू व्हायच्या आधी आठवडाभर प्रशिक्षण होतं. नियमांचं जाडजूड पुस्तक मिळालं. कॉलेजच्या पोरांनी ते उशीखाली ठेवलं. मी डिक्शनरी घेऊन दोनदा वाचलं. पोरींना एकटीने एकटीला भेटायचं नाही. औषध आपल्या हाताने द्यायचं नाही. तळ्यावर मोजून न्यायच्या, मोजून आणायच्या. आणि एक नियम मोठ्या अक्षरात: सगळ्यांनी एकमेकांशी गोड शब्दांत बोलायचं. दुखावणारा शब्द चालणार नाही. हे पुस्तक मी दोनदा वाचलं होतं, हे लक्षात ठेवा. पुढे त्यावरच सगळं आहे.

माझ्या खोलीत आठ मुली, आठ-नऊ वर्षांच्या. सोबत मेगन नावाची कॉलेजातली पोर, गुणी होती, नुसती फोनला चिकटलेली. मुलींनी पहिल्याच दिवशी विचारलं, तुम्हाला काय म्हणायचं? मी म्हटलं, अक्का. दुसऱ्या दिवसापासून त्या लाकडी पायऱ्यांवरून "अक्का! अक्का!" अशी हाक यायला लागली की मला वाटायचं, ही पहूरकडचीच पोर, कुणीतरी हिला चुकून गोरी केली. त्यांच्या वेण्या घालायची परवानगी होती, त्यांनी मागितली तरच. सगळ्यांनी मागितली. सकाळी आठ डोकी एका रांगेत. खरं सांगते, त्या पहिल्या चार आठवड्यांत मला गुडघा आठवला नाही.

त्या आठात एक क्लोई होती. बारीक, पिंगट केसांची, चष्म्याची. आणि एक मॅडी, जिच्या मागे बाकीच्या सहा जणी चालायच्या. आता आपल्याकडे पोरींचं बिनसलं तर काय होतं? "जाय, मी नाई बोलत तुझ्याशी," म्हणून ओरडतात, माती फेकतात, आईकडे जातात, आई येऊन दुसरीच्या आईशी भांडते, दुपारी पुन्हा भातुकली. इथे तसं नाही. इथे गोड शब्दांचा नियम. मॅडी क्लोईला एकही वाईट शब्द बोलली नाही. फक्त क्लोई जेवायला येऊन बसली की सगळ्या ताटं उचलून हसत हसत दुसरीकडे बसायच्या. "सॉरी, ही जागा कुणासाठी तरी ठेवली आहे." प्लीज म्हणून, थँक यू म्हणून तिला वाळीत टाकलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

क्लोई जेवेनाशी झाली. रोज घरी पत्र लिहायची, मला न्या. मी मेगनला सांगितलं, मेगनने लिंडाला सांगितलं. लिंडाने सगळ्यांना गोल करून बसवलं. प्रत्येकीने सांगायचं, मला काय वाटतं. मॅडी म्हणाली, "मला क्लोईबद्दल वाईट वाटतं." सगळ्यांनी माना हलवल्या. संध्याकाळी जेवायला क्लोई पुन्हा एकटी. मी तिच्याशेजारी जाऊन बसले तर ती म्हणाली, "तुम्ही नका बसू. तुम्ही बसलात की त्या अजून हसतात."

त्या वाक्याने माझं डोकं फिरलं.

आता तुमच्यातल्या ज्या शहरात वाढल्या त्यांच्यासाठी सांगते. माझं माहेर सोनगीरकडचं, अहिराणी मुलुख. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासरी गेलेल्या सगळ्या लेकी घरी येतात. झोके बांधतात, गौराई बसवतात. आणि गौराई बुडवायला नाल्यावर जातात तेव्हा अलीकडच्या वस्तीच्या बाया या काठावर, पलीकडच्या वस्तीच्या त्या काठावर, आणि मग शिव्या! अशा शिव्या की ऐकणाऱ्याचे कान झडावेत. दगडमातीही चालते. वर्षभर सासरी जिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही ती सून त्या दिवशी काठावर उभी राहून आभाळ फाडते. माझी आई अशी मुकी बाई, पण आखाजीला तिचा आवाज सोनगीरच्या किल्ल्यावर जाऊन परत यायचा.

पण शिव्यांनाही शिस्त होती. जिचं मूल गेलंय तिला मुलावरून बोलायचं नाही. जिला मूल नाही तिला तर नाहीच. खऱ्या व्यंगावर बोट ठेवायचं नाही, शिवी खोटी आणि मोठी पाहिजे. आणि गौराई पाण्यात गेली की तोंड बंद. तिथल्या तिथे. मग दोन्ही काठांच्या बाया पाण्यात उतरून एकमेकींच्या ओटीत फुटाणे घालायच्या. नाल्यावरचं भांडण नाल्यावर. घरी नेलं तर आबा, माझे वडील, ओरडायचे, "जे बोलनं ते तोंडवर बोल. पाठमांगे बोलस त्याले मानूस नही म्हनतस."

कॅम्पामागे ओढा होता, घोट्याएवढं पाणी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आठही जणींना तिथे नेलं. मेगन सोबत होती, तिने विचारलं, "अक्का, हे नियमात बसतं का?" मी म्हटलं, "नाही बसत." तसंच म्हटलं. मग चौघी या काठावर, चौघी त्या काठावर. मॅडी इकडे, क्लोई तिकडे. दगड नाहीत, त्याऐवजी ओले मोजे. शिस्त समजावून सांगितली: खरं काही बोलायचं नाही, घरच्यांवर बोलायचं नाही, कुणाच्या चष्म्यावर, वजनावर, रंगावर नाही. खोटं आणि मोठं. सुरुवात मी करून दिली. ओढ्याच्या मधोमध उभी राहिले आणि ओरडले, "तुना नाकमा उंटीन ब्यायनी!" तुझ्या नाकात उंटीण व्याली. इंग्रजीत अर्थ सांगितला. सगळ्या एकमेकींची नाकं बघायला लागल्या. मग एकीला हसू फुटलं आणि झालं सुरू.

काय पोरी ओरडल्या हो! "तुझे मोजे बेडकांनी धुवायला परत पाठवले!" "तू इतकी आळशी की डास तुला चावताना जांभई देतो!" मोजे उडत होते, पाणी उडत होतं. क्लोई सुरुवातीला मागे उभी. मॅडीने तिच्याकडे बघून म्हटलं, "तू इतकी हळू बोलतेस की तुझी सावलीसुद्धा 'काय?' म्हणते!" आणि क्लोई एक पाऊल पुढे आली. चष्मा काढून माझ्या हातात दिला. आणि त्या बारक्या पोरीच्या पोटातून असा आवाज निघाला! "तू इतकी मोठी राणी आहेस," ती ओरडली, "की टॉयलेटला जायलासुद्धा सहा जणी लागतात तुला!"

आता ही शिवी पुरती खोटी नव्हती. मी मध्ये पडणार होते. पण मॅडीच पोट धरून हसत पाण्यात बसली. मग क्लोईने तिला ओला मोजा मारला, मॅडीने तिला मारला, आणि दोघी ओरडता ओरडता रडायला लागल्या की हसत होत्या ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर क्लोईच्या शेजारी मॅडी बसली. ती पोर दोनदा मॅकरोनी मागून जेवली.

पण एक राहिलं. आम्ही ओढ्यात असतानाच पोहण्याची घंटा झाली. पोहण्याला उशीर चालत नाही, मोजणी असते. मी म्हटलं, चला, चला. ओले मोजे गोळा केले, पळालो. गौराई बुडवली नाही. म्हणजे तिथे गौराई कुठून आणणार, पण काहीतरी बुडवायचं, काहीतरी वाटायचं, तोंड बंद झालं असं सांगायचं, ते मी केलं नाही. आखाजी उघडी ठेवून मी निघून आले. माझ्या आईने हे बघितलं असतं तर कान धरला असता. आमच्या नाल्यावर वाटेल ते होईल, पण मधूनच उठून कुणी गेलं नाही कधी. मी घंटेच्या मागे धावले. घड्याळाच्या देशात राहून मीही तशीच झाले.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आमच्या मुलींनी शेजारच्या खोलीच्या मुलींना उंटिणीची शिवी दिली. त्या मुलींना खेळ माहीत नव्हता. एक रडली. आणि ओढ्याच्या संध्याकाळीच सगळ्यांनी घरी पत्रं लिहिली होती. क्लोईचं पत्र तिच्या आईला चार दिवसांनी मिळालं. त्यात लिहिलं होतं: "आज अक्काने आम्हाला एकमेकींना शिव्या द्यायला शिकवलं. हा माझा कॅम्पातला सगळ्यात छान दिवस."

आईने पहिलं वाक्य वाचलं.

लिंडाने मला ऑफिसात बोलावलं. मी मनाशी जुळवाजुळव करून गेले. सगळं सांगणार होते, माझं काय बरोबर आणि माझं काय चुकलं. आत गेले तर नितीन बसलेला. अर्जात 'तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं' तिथे मी त्याचं नाव लिहिलं होतं, म्हणून त्यांनी त्याला बोलावलं. तीन तास गाडी चालवून आला होता, डोळे लाल. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग लिंडाकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "माझी आई एका छोट्या खेड्यातली आहे. तिला इंग्रजी फारसं येत नाही. तिला नियम समजले नाहीत. तिच्या मनात वाईट नव्हतं."

मी तिथेच बसले होते. दोन हातांच्या अंतरावर. एकेक शब्द समजत होता.

मी म्हटलं, "नितीन, मला समजलं होतं."

तो मराठीत म्हणाला, "आई, थांब जरा. मी सांभाळतोय."

लिंडाच्या चेहऱ्यावर असा काही दिलासा आला! बिचारी! समजलंच नाही! मग काही प्रश्नच नाही. न समजलेल्या बाईवर कोण रागावणार? रागवायला समोर बरोबरीचं माणूस लागतं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हळू, मोठ्याने, तोडून तोडून म्हणाली, "इट्स, ओके." चार आठवडे माझ्याशी नीट बोललेली बाई, त्या घटकेपासून माझ्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं बोलायला लागली.

मला स्वयंपाकघरात पाठवलं. उरलेले दिवस मी ट्रे धुतले. कामाची लाज नाही, तुम्हाला माहीत आहे, अंगणवाडीत मदतनीस शांताबाई रजेवर असली की खिचडीची पातेली मीच घासायचे. पण आठ डोकी रोज सकाळी काचेपलीकडून माझ्याकडे बघायची, विस्कटलेल्या केसांनी, आणि मी हात हलवायचा नाही असं ठरलेलं. अंगणवाडीत कुणाच्या पोराला मी दटावलं तर त्याची आई दारात येऊन उभी राहायची. "अक्का, काहून रडवलं माह्या पोराले?" चार घरं ऐकतील असं. मीही चार घरं ऐकतील असं उत्तर द्यायची. मग ती आत यायची, पाणी प्यायची, बाळाचं वजन करून जायची. इथे क्लोईच्या आईचा चेहरा मी अजून बघितलेला नाही. तिने लिंडाला लिहिलं, लिंडाने नितीनला बोलावलं, नितीनने लिंडाला सांगितलं. सगळे माझ्याबद्दल बोलले. माझ्याशी कोण बोललं?

आणि तुम्हाला सांगू, सगळ्यात जास्त राग मला लिंडाचा नाही आला.

आता पानं लाल व्हायला लागली आहेत. गेल्या आठवड्यात कॅम्पकडून ईमेल आला. पुढच्या उन्हाळ्यात मला परत घ्यायला तयार आहेत, त्याच खोलीत, लहान मुलींकडे. आठांपैकी पाच मुलींनी लिहून मागितलं म्हणे, अक्का हवी. फक्त सोबतच्या कागदावर सही करायची. त्यात लिहिलं होतं, भाषेच्या आणि संस्कृतीच्या अडचणीमुळे मला कॅम्पचे नियम समजले नव्हते, घडल्याबद्दल मी दिलगीर आहे.

नितीनने कागद छापून, पेन ठेवून, जेवणाच्या टेबलावर मांडला. "आई, एक सही. मग तू मोकळी. मुली परत भेटतील."

मला त्या मुली हव्या आहेत, हे खोटं कशाला बोलू? त्या वेण्यांसाठी माझे हात शिवशिवतात. इथे दुसरं आहे काय मला? दोन दिवस तो कागद टेबलावर होता. दोनदा मी पेनाचं टोपण काढलं.

पण दिलगीर कशाबद्दल? चूक माझी झाली, एकदा नाही शंभरदा सांगेन. भांडण उघडं सोडलं, ती चूक. त्यामुळे शेजारच्या खोलीतली एक पोर विनाकारण रडली, ती माझी चूक. त्या पोरीची माफी मी आत्ता, गुडघा टेकून मागते. पण तो कागद मला त्याची माफी मागू देत नव्हता. त्याला म्हणायचं होतं की मी काही केलंच नाही, माझ्याकडून झालं. जसं वासराकडून दूध सांडतं. चूक करायलासुद्धा शहाणं असावं लागतं, बायांनो, आणि माझं तेवढं शहाणपणही काढून घ्यायचं होतं.

तिसऱ्या दिवशी मी दुसरा कागद घेतला. माझ्या हाताने, माझ्या इंग्रजीत लिहिलं: मला सगळे नियम समजले होते. मी ते जाणून मोडले. माझी चूक वेगळी होती, ती अशी. 'द' कुठे कुठे चुकले असतील. नितीनला दिला, म्हटलं, पाठव.

त्याने वाचला. "हे पाठवलं तर ते तुला कधीच घेणार नाहीत."

"तू पाठव."

"मी तीन तास गाडी चालवून आलो होतो आई, तुला वाचवायला!"

"मी वाचवायला सांगितलं होतं?"

"तुला कळत नाही इथे कसं असतं. खटला भरतात लोक!"

"मग मला सांग ना! मला सांग, नितीन, लिंडाला काय सांगतोस?"

आणि मग, बायांनो, माझ्या मुलाचा आवाज फुटला. आधी इंग्रजीत ओरडला, मग मराठीत, आणि मग अशा बोलीत, जी त्याने पहूर सोडल्यापासून तोंडातून काढली नव्हती. "काय काय सांगू तुले! मले भीती वाटते ना, आई! तू चुकशील, कोनी हसतीन तुले, अन् मी तथी नसीन! मनून बोलतो मी! तुले वाटते मले हौस शे?"

शेवटचं 'शे' माझ्या माहेरचं. माझ्याकडूनच गेलं असेल त्याच्याकडे. सून जिन्यात उभी राहून ऐकत होती.

मीही ओरडले. हसले तर हसू दे लोक. विमानतळावर ओरडायचं राहिलं होतं, ते ओरडले. फाट्यावरच्या पिठाचं ओरडले. दोन वर्षांच्या 'शी'चं ओरडले. तो रडला, मीही रडले. शेवटी त्याने फोन माझ्यापुढे टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मग तूच बोल. घे. बोल तिच्याशी."

मी बोलले. लिंडाला सगळं सांगितलं, ओढा, मोजे, शिस्त, घंटा. मध्ये दोनदा शब्द सापडला नाही. मी थांबले, शोधला, पुढे गेले. तिने मध्ये तोडलं नाही. मग म्हणाली, आणि या वेळी हळू नाही, तोडून नाही, जशी मेगनशी बोलायची तशी म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं आणि तरी केलंत, तर मी तुम्हाला मुलींकडे परत घेऊ शकत नाही. मी रागावले आहे तुमच्यावर."

मी म्हटलं, "येस. थँक यू."

ती मला नोकरी नाकारत होती. पण ओढ्याच्या दिवसानंतर पहिल्यांदा कॅम्पातलं कुणीतरी माझ्यावर, माझ्या तोंडावर रागावलं होतं.

तर मुली गेल्या. त्याचं दुःख आहे, आणि राग आहे. राग गेलेला नाही. जायची घाईही नाही मला. पुन्हा फोनवर कुणी "नशीब काढलं" म्हणालं तर याद राखा.

आणि तुम्ही विचारता ना, अक्का, आता घर कुठलं? हे की ते? फाट्यावर तुम्ही रडत होतात तेव्हा मला वाटलं, घर म्हणजे पाठीमागे राहिलं ते. इथे बसून बसून वाटलं, घर म्हणजे कुठेच नाही. आता सांगते. काल सकाळी दाताच्या दवाखान्यातून फोन आला. नितीनने उचलला. पलीकडच्या मुलीने विचारलं असणार, तुमच्या आईला दुखतंय का अजून. त्याने तोंड उघडलं. मी ओट्यापाशी उभी, लाटणं हातात. त्याने माझ्याकडे बघितलं, तोंड मिटलं आणि फोन माझ्या हातात दिला. पीठ लागलं फोनला.

मी सांगितलं, दुखतं. खालच्या बाजूला, डावीकडे. हो, फार दुखतं.